शरयूताईंचं क्रियापद

आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर सकाळी साडेपाचला सुरू व्हायची आणि शरयूताई सहाला. मोटर अधूनमधून बंद पडायची, शरयूताई कधी पडल्या नाहीत. तळमजल्यावरच्या त्यांच्या पुढच्या खोलीत अकरावी-बारावीची वीसेक मुलं बायॉलॉजी शिकायला दाटीवाटीनं बसायची. बडोद्याच्या कारेलीबागेत ट्यूशन क्लास नाही अशी गल्ली शोधून सापडायची नाही, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. नवल शनिवारचं होतं. शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं ती सगळी मुलं, निम्म्याहून अधिक गुजराती, मांडीवर ठेका धरून एका सुरात म्हणायची, "फेरो, ओइसो, एनेंका, एनेनोखा, एनेनेग्माइ, एनेख्थेन!"

मी पहिल्या मजल्यावर राहतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी आहे, म्हणजे तक्रारी माझ्याच डोक्यावर. समोरच्या ब्लॉकमधल्या एका काकांनी मला जिन्यात गाठलं. "मोहितेभाई, आ शेनो मंत्र छे? विझा माटे चाले?" हा मंत्र व्हिसासाठी चालेल का, असं त्यांना विचारायचं होतं; त्यांच्या मुलाचं कॅनडाचं काम दोन वर्षं अडलं होतं. मी खाली गेलो आणि सेक्रेटरीच्या आवाजात विचारलं, "शरयूताई, हे काय चालवलंय?"

"क्रियापद आहे, सरदार. प्राचीन ग्रीक. फेरो म्हणजे मी वाहतो. ओझं वाहतो ना, ते वाहणं. बसा ने जरा, तुम्हालाही येईल."

मला त्या सरदार म्हणायच्या. माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत साधे शिपाई होते, पण घरात त्यांची एक तलवार आहे हे कळल्यापासून ताईंनी मला बढती देऊन टाकली होती. मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलो आणि झुरळालाही घाबरतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर म्हणायच्या.

बायॉलॉजीच्या बाई ग्रीककडे कशा वळल्या, हे मला पुढे कळलं. त्यांचे यजमान अण्णा स्कूटरच्या अपघातात कमरेखालून लुळे झाले आणि एकोणीस वर्षं अंथरुणावर होते. त्या काळात ताई सकाळी शाळा करायच्या आणि दुपारभर अण्णांच्या खाटेशी बसायच्या. नुसतं बसणं त्यांना जमेना. शुक्रवारी बाजारात रद्दीच्या ढिगात त्यांना एक ग्रीक व्याकरण मिळालं. पुढचा पुठ्ठा नाही, मागची पानं नाहीत. जीवशास्त्रातली निम्मी नावं ग्रीक, ती पोरांना घोकायला लावते आणि मला त्यांचा अर्थ येत नाही, याची लाज वाटत होती म्हणाल्या. अण्णा फळ्यासारखी पाटी धरायचे आणि ताई रूपं म्हणायच्या. चुकल्या की अण्णा पाटी वाजवायचे. व्याकरणाची पानं जिथं संपली तिथं ताईंचं ग्रीक संपलं, पण तेवढ्यात हे एक क्रियापद पूर्ण होतं आणि ते त्यांनी धरून ठेवलं.

मुलांना त्या भाषा शिकवत नव्हत्या, त्या एकाच क्रियापदात जग दाखवायच्या. फॉस्फरस म्हणजे प्रकाश वाहणारा. क्रोमॅटोफोर म्हणजे रंग वाहणारी पेशी. टीनोफोरा म्हणजे अंगावर कंगवे वाहणारे समुद्रातले जीव. 'फ' म्हणताना कुणी इंग्रजीसारखे दात ओठावर टेकवले की त्या थांबवायच्या. "फणसाचा फ! ग्रीक माणूस आपल्यासारखाच फ म्हणायचा. तुला आईनं दिलाय तो, वापर." आणि आजची, उद्याची, कालची रूपं एकमेकांसारखी का दिसत नाहीत, असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर तयार असायचं. "आपण 'जातो' म्हणतो, मग काल काय 'जातलो'? गेलोच ना? जी कामं माणूस रोज करतो, त्यांची क्रियापदं अशीच वापरून वापरून वाकडी होतात."

एका पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं. बडोद्यात नदीचं पाणी आलं की पाठोपाठ पाहुणे येतात. सकाळी पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या चाकाशी हातभर लांबीचं मगरीचं पिल्लू पडलेलं. आम्ही सगळे पुरुष पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून आरडाओरडा करत होतो. ताई त्यांच्या घरात पाणी शिरल्यामुळे रात्रीपासून आमच्याकडेच होत्या. त्या छत्री घेऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत कुणालाही खाली उतरू दिलं नाही. काठी घेऊन निघालेल्या एका तरुणाला म्हणाल्या, "मगरीण पिल्लांना जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. एवढे दात, आणि पिल्लाला ओरखडा नाही. तुला हातात काठी धरता येत नाही धड." त्या गाळातून त्यांनी घरातलं सगळं वाचवलं नाही, पण ते पुठ्ठा नसलेलं पुस्तक छातीशी धरून वर आणलं होतं. माझी बायको नलू अजून सांगते की त्या सकाळी आमच्याकडे चहाबरोबर शेव-उसळ झाली आणि ताईंनी दोनदा मागून घेतली.

आता त्यांच्या भांड्यांविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथून सुरू होतं. विद्यार्थ्याचं लग्न ठरलं की ताई पितळेची कळशी द्यायच्या. लग्नातल्या भांड्यावर आपल्याकडे देणाऱ्याचं नाव घालतात. ताई नाव घालायच्या नाहीत. मांडवीजवळच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन त्या ग्रीक अक्षरांत एकच शब्द कोरून घ्यायच्या: फेरेतोन. त्या क्रियापदाचं द्विवचन. तुम्ही दोघं वाहा. संस्कृतासारखं ग्रीकमध्येही दोघांसाठी वेगळं रूप आहे, याचं त्यांना फार कौतुक होतं. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मी सोबत होतो. कोरणाऱ्या भाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "बेन, आ कई भाषा छे?" ताई म्हणाल्या, "ग्रीक." भाई विचारात पडले आणि मग म्हणाले, "मने वांचता नथी आवडतुं, पण तमे लखी आपो, हुं चितरी आपीश." वाचता येत नाही, पण लिहून द्या, मी चितारून देतो. आणि खरंच, देवीच्या मुखवट्यासारखं मन लावून त्यांनी ते चितारलं. अशा एकतीस कळश्या बडोद्यातल्या एकतीस घरांत गेल्या.

त्यातली एक केतकीची. केतकी म्हणजे ताईंची सर्वांत लाडकी विद्यार्थिनी. शहराच्या समा भागातली मुलगी, वडील शिक्षक. तिचा आवाज असा खणखणीत की शनिवारी ती ठेका द्यायची आणि बाकीची मागून यायची. पुढे तिनं एम.एस्सी. केलं, लॅबमध्ये नोकरी धरली आणि नदीपलीकडे अकोट्यातल्या चांगल्या म्हणतात तशा मराठी घरात तिचं लग्न झालं. तिच्या लग्नात ताई मांडवात बसून मुसमुसून रडल्या होत्या, स्वतःच्या मुलीचं लग्न असल्यासारख्या.

दर दिवाळीला केतकी फराळाचा डबा घेऊन यायची. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला ती आली तेव्हा मी ताईंकडे टाकीच्या दुरुस्तीची सही घ्यायला गेलो होतो. पोरगी वाळली होती, नोकरी सोडली म्हणाली. ताईंनी विचारलं, "कसं चाललंय गं?" ती हसली. "वाहतेय, ताई."

"शाब्बास!" ताई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवाळीलाही तेच. "वाहतेय, ताई." "शाब्बास!" मीही तिथेच होतो आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गुरु-शिष्येची थट्टा वाटली. चौथ्या दिवाळीला फक्त डबा आला, एका रिक्षावाल्याच्या हाती.

त्यानंतर महिनाभरानं नलू अकोट्यात एका हळदीकुंकवाला गेली आणि तिथून बातमी घेऊन आली. केतकीचा नवरा वर्षभर तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. सासूही नाही. घरात तिघं, आणि तिच्याशी बोलणारं कुणी नाही. जेवणाचं ताट हॉलमध्ये, झोपणं हॉलमध्ये, फोन सासूच्या कपाटात. नोकरी तिनं सोडली नव्हती, सोडायला लावली होती. कुणी हात उगारला नव्हता, म्हणून तिच्या आईवडिलांनीही 'निघेल मार्ग, धीर धर' एवढंच म्हटलं होतं. आणि केतकी शेजारणीला म्हणाली होती, "मला सवय आहे. आमच्या ताईंनी शिकवलंय."

नलूनं हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या गवार मोडत होत्या. त्यांचा हात थांबला. मग एवढंच म्हणाल्या, "आणि मी तिला शाब्बास म्हटलं. दोनदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता खालून आवाज आला नाही. मुलं आली, दार बंद बघून परत गेली. अण्णा गेले त्या आठवड्यातही त्यांनी क्लास एक दिवसापेक्षा जास्त बंद ठेवला नव्हता. दोन दिवस हे असं चाललं. मी सेक्रेटरी म्हणून बेल वाजवली, शेजारी म्हणून वाजवली, दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी गुडघे धरत त्याच आमच्या दारात आल्या. "सरदार, गाडी काढा. अकोट्याला जायचंय."

गाडी नदीच्या पुलावर आली. तेव्हा ताई बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, समोरच्या काचेशी बोलल्यासारख्या.

"फेरोचे कितीतरी अर्थ आहेत. झाड फळ धरतं, तेही फेरो. रस्ता कुठे नेतो, तेही. वारा जहाज नेतो, तेही. एखाद्यासाठी काही घेऊन येणं, तेही. मी पोरांना कोणता सांगितला? सोसणं. कारण तो मला शोभत होता. एकोणीस वर्षं लोक मला वा वा म्हणाले, सरदार. मला ते गोड लागायचं. मग मी तेच वाटत सुटले."

मी म्हणालो, "ताई, तुम्ही अण्णांचं केलंत ते काही खोटं नव्हतं."

"खोटं नव्हतं. पण अण्णा माझ्याशी रोज बोलायचे. पाटी वाजवायचे, हसायचे, माझा हात धरून झोपायचे. मी सोसला तो आजार. माणूस नाही सोसला. हा फरक मी एकाही पोरीला सांगितला नाही. माझ्या ध्यानातच आला नाही."

गीअर बदलायचा नसताना मी बदलला.

त्या घरी मी वर गेलो नाही. भांडणतंटा म्हटलं की मी मागच्या मागे सटकतो, तलवारीचं घराणं असून. मी खाली गाडीत बसून राहिलो. वर काय झालं ते केतकीनं पुढे नलूला सांगितलं. ताईंनी चहा घेतला नाही. सोफ्यावरही बसल्या नाहीत. सासूला म्हणाल्या, "तुमच्याशी माझं भांडण नाही. माझ्या विद्यार्थिनीचा पेपर मी चुकीचा तपासला होता, तो दुरुस्त करायला आलेय." मग सगळ्यांसमोर केतकीला म्हणाल्या, "मी तुला चुकीचं शिकवलं, बाळ. मला माफ कर. तुला यायचं असेल तर खाली गाडी आहे. यायचं नसेल तर मी उद्या परत विचारीन, परवाही विचारीन." नवरा तिथेच होता. वर्षभर न बोललेला तो माणूस तेव्हा बोलला. म्हणाला, "जायचं तर जा, पण परत यायचं नाही."

पाऊण तासानं दोघी खाली आल्या. एक सुटकेस, तीही ताईंच्या हातात. केतकी दारापाशी थबकली. "ताई, कळशी वरच राहिली."

"राहू दे," ताई म्हणाल्या. गाडीत दोघी मागे बसल्या. केतकी एकदाही रडली नाही, ताई मात्र कारेलीबागेपर्यंत रडत होत्या आणि केतकी त्यांना पाण्याची बाटली देत होती.

केतकी चार महिने ताईंच्या घरी राहिली. मग तिला दुसऱ्या लॅबमध्ये काम मिळालं, आईवडिलांचा रागही निवळला आणि ती समाला गेली. आज ती बरी आहे, एवढं सांगून तिचं इथं थांबवतो. कारण ताई थांबल्या नाहीत.

त्यांच्या जुन्या वहीत एकतीस कळश्यांची नावं-पत्ते होते. दर रविवारी चारच्या सुमाराला माझी बेल वाजायची. "सरदार, गाडी." माझ्या रविवारच्या झोपेचं त्यांनी वाटोळं केलं, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणालो होतो. मग आम्ही निघायचो. कधी समा, कधी अकोटा, कधी पार शहराच्या बाहेर. मी खाली गाडीत पेपर वाचत बसायचो. त्या वर जायच्या आणि दारात म्हणायच्या, "भांडं बघायला आलेय गं. अक्षरं पुसली तर नाहीत ना?" एकदा मी विचारलं, हे भांड्याचं सोंग कशाला, सरळ का विचारत नाही? त्या म्हणाल्या, "भांडं स्वयंपाकघरात असतं. हॉलमध्ये कुठली बाई खरं सांगते? आणि ठीक आहे म्हणाली की मी शून्य मार्क देते. ठीक आहे हे उत्तर नाही."

मुलग्यांकडेही जायच्या. समातल्या एका डेंटिस्टच्या घरी कळशीत छत्र्या ठेवलेल्या निघाल्या. ताई खाली आल्या त्या हसतच. "बायकोला विचारलं, हा वाहतो का काही? ती म्हणाली, ताई, कचऱ्याची बादली तेवढी वाहतो. म्हटलं, सुरुवात चांगली आहे."

बहुतेक घरं सुखाची निघाली. ताई त्याचा आनंद लपवायच्या नाहीत, परतताना मला बडोद्याचा तो ओलसर लीलो चिवडा घेऊन द्यायच्या. दोन घरी मात्र त्या पुन्हा पुन्हा गेल्या. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एक मुलगी आता मुंबईला शिकतेय, एवढं मला माहीत आहे.

शनिवारचा ठेकाही बदलला. सहा रूपं झाली की आता ताई सगळे अर्थ फळ्यावर लिहायच्या, फळ धरण्यापासून घेऊन येण्यापर्यंत. एकदा एका बारक्या मुलीनं विचारलं, "ताई, आणि खाली ठेवण्याला ग्रीकमध्ये काय म्हणतात?" वर माझ्या खोलीत मला ते ऐकू आलं. ताई म्हणाल्या, "तिथेमि. मी ठेवते. ते क्रियापद माझ्या पुस्तकातून फाटलंय. पण मी शोधून आणते." लायब्ररीत जाऊन, मुलांच्या फोनवर शोधून त्यांनी ते जमवलं. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी रोज संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारत त्या पाठ करायच्या, "तिथेमि, थेसो, एथेका, तेथेका." चुकल्या की स्वतःच स्वतःच्या मांडीवर चापट मारायच्या. त्यानंतर शनिवारी दोन क्रियापदं व्हायला लागली. विझावाल्या काकांनी मला विचारलं, "नवो मंत्र?" मी म्हणालो, "हो, जुन्याहून चांगला."

शेवटचं नाव हेतलचं होतं. समातलीच नवी बिल्डिंग, पाचवा मजला. गेल्या फाल्गुनातली गोष्ट. ताई वर गेल्या आणि वीस मिनिटांत खाली आल्या. एवढ्या लवकर त्या कधी येत नसत. गाडीत बसल्या, पट्टा लावला आणि मी गाडी सुरू केली तरी वळून पाचव्या मजल्याकडेच बघत राहिल्या.

"कशी आहे?" मी विचारलं.

"ठीक आहे म्हणाली. तीनदा म्हणाली." त्या अजून वरच बघत होत्या. "सासू सगळा वेळ पाठीमागे उभी होती. मला स्वयंपाकघरात जाऊ दिलं नाही. पुढच्या रविवारी परत यायचं, सरदार. विसरू नका."

वळणापर्यंत त्यांची मान मागेच होती. चष्म्यावर ऊन पडलं होतं आणि हात मांडीवरच्या पिशवीवर घट्ट होते. मला त्या अशाच दिसतात अजून.

गुरुवारी दुपारी खुर्चीत वही तपासता तपासता त्या गेल्या. त्रास काही झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. सोसायटीच्या गेटपाशी एवढी मुलं जमली की रस्ता बंद झाला. केतकीनं अग्नी दिला. मी रडलो, नलूसमोर आणि लोकांसमोरही.

रविवारी चार वाजता बेल वाजली नाही. मी जागाच होतो. नलूनं किल्ली आणून माझ्या हातात दिली. मी गाडी काढली आणि समाला गेलो. त्या बिल्डिंगखाली गाडी लावून पाच मिनिटं स्टीअरिंग धरून बसलो. पेपर आणला नव्हता. मग उतरलो. वर्षभर एवढे रविवार मी खाली बसलो, एकदाही वर गेलो नाही.

दार सासूनंच उघडलं. तिच्या मागे एक बारीकशी मुलगी येऊन उभी राहिली. हेतलच असावी; मला ती ओळखत नव्हती.

"तमे कोण?" सासूनं विचारलं.

"मी शरयूताईंचा ड्रायव्हर," मी म्हणालो. "ताईंनी पाठवलंय. भांडं बघायचं राहिलं होतं."

सासू काही म्हणायच्या आत ती मुलगी पुढे आली. तिनं दार हातानं पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "आवो ने, काका. रसोडामां छे."

मी चपला काढल्या आणि आत, स्वयंपाकघराकडे गेलो.